टिंबूनानांचा डावा हात

भोसरी, १८ नोव्हेंबर १९५६

"बाई, ह्यो मानूस दर खेपेला तरणा कसा होत जातो?"

आज दुपारी साक्षरता वर्गात गोजाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "कालचा चित्रपट जुना होता ना, म्हणून." त्या म्हणाल्या, "जुना व्हता तर मानूस म्हातारा दिसाया पायजे." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मी खडू घेऊन फळ्याकडे वळले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बी.ए.ला तर्कशास्त्र होतं. पण गोजाबाईंच्या बोलण्यात चूक नेमकी कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही.

पुण्याहून महिन्यातून एकदा चित्रपटांची गाडी येते. भैरोबाच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरं कापड बांधतात. ते पाणी मारून ओलं करतात, म्हणजे चित्र आरपार दिसतं. पुढच्या बाजूला पुरुष बसतात, मागच्या बाजूला बायका. चित्रं बहुतेक विलायती, बोलणं इंग्रजी, म्हणून कापडाच्या कडेला उभं राहून मराठीत सांगायचं काम माझं. मी अर्थात बायकांच्या बाजूला उभी राहते.

तो माणूस म्हणजे आर्थर टिंबरली नावाचा इंग्रज विनोदी नट. गावात त्याचं टिंबूनाना झालं आहे. सप्टेंबरात तो प्रथम आला तेव्हा केस पांढरे होते. हातात खडू घेऊन फळ्यावर डास काढत होता आणि हिवतापाची माहिती देता देता खुर्चीवरून पडत होता. ऑक्टोबरात केस करडे झाले. काल ते काळेभोर होते आणि डोक्यावर पातेलं घालून तो लढाईतल्या आगी विझवत होता.

"औषीद घेत आसंल," मागून कोणीतरी म्हणालं. "पिंपरीच्या कारखान्यातलं."

२० नोव्हेंबर

गाडी अजून शेजारच्या गावात होती, तिथे जाऊन गाडीवरच्या उद्धवरावांना विचारलं. ते लातूरकडचे आहेत, आधी हैदराबादच्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. म्हणाले, "सरळ हाय बाई. गोदामात नव्या पेट्या पुढं असतात, जुन्या मागं. तुमच्या गावाला हा माणूस आवडला म्हणून मी त्याच्याच पेट्या मागायलोय. जसं आत हात घालावं तसा तो तरणा निघायलाय."

म्हणजे आपण एका माणसाचं आयुष्य उलट्या दिशेने पाहत आहोत. नदी उगमाकडे चालत निघावी तसं. मला हे इतकं सुंदर वाटलं की परत येताना कांद्याच्या वाफ्यातून सरळ चालत गेले आणि लक्ष्मणराव सरपंचांची बोलणी खाल्ली.

२ डिसेंबर

आज गोजाबाईंच्या घरी गेले. त्या चार दिवस वर्गाला आल्या नव्हत्या. हौसा, त्यांची नात, उंबऱ्यात बसली होती. सहा वर्षांची पोर. डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीने कमरेशी बांधलेला. उजव्या हाताने शेंगा फोडायचा प्रयत्न चालला होता आणि दाणे अंगणात उडत होते. कोंबड्यांची चंगळ.

मी विचारलं, "हे काय?"

"डावरी हाय," गोजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आत्ताच वळण लागलं तर लागलं. डाव्या हातानं वाढणारी सून कोन करून घेतं? माजी आय तर म्हनायची, डाव्या हाताचं दान देवाला पोचत न्हाई."

मी पुष्कळ बोलले. शास्त्र सांगितलं. मेंदूचं सांगितलं. गोजाबाईंनी ऐकून घेतलं आणि मला मूठभर शेंगा दिल्या.

मी निघाले तेव्हा हौसाने माझा हात धरला आणि तिच्या मनगटावरच्या लाल वळाशेजारी माझं डावं मनगट ठेवून पाहिलं. "बाई, तुमाला बी हाय." माझ्या मनगटावर पुसट पांढरी रेघ आहे खरी. मी तिला सांगितलं, ती भाजल्याची खूण आहे. लहानपणी मी चुलीत हात घातला होता, असं आई सांगते.

१६ डिसेंबर

काल पुन्हा डासांचा चित्रपट लावला. हिवताप वाढलाय म्हणून सरपंचांनीच मागवला होता. थंडी होती. बायका गोधड्या घेऊन आल्या होत्या. कापड वाऱ्याने फुगायचं आणि टिंबूनाना श्वास घेतल्यासारखे मोठे व्हायचे. प्रकाश कापडातून झिरपून आमच्या बाजूच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडला होता. आम्ही सगळ्या पाण्याखाली बसलो आहोत असं मला वाटत राहिलं.

टिंबूनानांनी खडू उचलला आणि डास काढायला लागले. तेवढ्यात गोजाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आगं बया! ह्यो डावरा हाय!"

खरंच होतं. टिंबूनाना डाव्या हाताने लिहीत होते. इतक्या वेळा पाहूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. का कोण जाणे, मी त्या हाताकडेच बघत राहिले. मी मराठी सांगायची विसरले. पलीकडून पुरुषांनी ओरडा केला, "बाई, झोपलात का?"

आज सकाळी हौसा दोन्ही हात मोकळे सोडून पाण्याला निघाली होती. गोजाबाई म्हणाल्या, "येवढा शिकल्याला सायेब, राणीच्या गावचा, डाव्या हातानं लिव्हतो. मंग माज्या पोरीनं काय पाप केलं?"

मी घरी येऊन चक्क नाचले. माझ्या साऱ्या शास्त्राने जे झालं नाही ते टिंबूनानांनी एका खडूने केलं. हेच खरं शिक्षण! आईला सांगितलं तर ती भाकरी थापत म्हणाली, "बांधल्यानं कुनी मरत न्हाई. सवय लागती." आणि तिने तोंड चुलीकडे फिरवलं. आईची पिढीच तशी.

१९ डिसेंबर

गोजाबाईंचा मुलगा भैरू मोठा विक्षिप्त माणूस आहे. पिंपरीला रात्रपाळी करून आला आणि आईशी भांडत बसला.

"आये, त्यो उजव्यानंच लिव्हतो. म्या सोताच्या डोळ्यानं बगितलं."

"तुजं डोळं पाळीनं गेल्यात."

"समद्या गड्यांनी बगितलं!"

"समद्या बायांनी बी बगितलं. आन बाई काय खोटं बोलंल? इचार त्यास्नी."

मी ठामपणे सांगितलं की डावाच. भैरूने कपाळाला हात लावला. मला वाटतं, पुरुषांना बायकांनी काही आधी पाहिलेलं खपत नाही.

६ जानेवारी १९५७

पेटीबरोबर एक छापील पत्रक आलं होतं. त्यात टिंबरलींची हकिगत आहे. मूकपटांपासून सुरुवात, मग बोलपट, मग लढाईतले विनोदी चित्रपट. आता वय झाल्यावर ते विलायतेत घरोघरी एका खोक्यात दिसतात आणि दर आठवड्याला लोकांशी गप्पा मारतात. रेडिओसारखं, पण माणूस दिसतो. मी वर्गात वाचून दाखवलं.

"म्हंजे घरात येतो व्हय?" गोजाबाई म्हणाल्या. "आन बाया काय करत्यात? पदर घेत्यात का न्हाई?"

मी म्हटलं, त्याला आपण दिसत नाही.

"बिचारा," त्या म्हणाल्या.

मी त्यांना टिंबरलींचं इंग्रजी नाव दाखवलं, कारण पडद्यावर ते नेहमी येतं. बायका पत्रक बघून म्हणाल्या, पडद्यावर ते असं नसतं, शेपूट इकडं नसतं. बरोबर आहे. आमच्या बाजूने अक्षरं उलटी दिसतात. दिवसभर याचा विचार करते आहे. ज्या बायकांना मी अक्षरं शिकवते त्यांनाच आपण उलटी अक्षरं दाखवतो! बायकांनी जग मागून का पाहायचं? पुढे बसायचा त्यांचा हक्क आहे. उद्याच सरपंचांकडे जाते.

७ जानेवारी

लक्ष्मणराव हुरडा खात होते. म्हणाले, "बायका म्होरं आल्या तर गडी कुटं जातील?"

"मध्ये दोरी बांधू. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका."

"आन सासऱ्यासमोर सुना दात काढून हसल्या मंजी?"

"हसू दे की," मी म्हटलं. "सासरेही हसतात."

त्यांनी हुरड्याचा वाटा माझ्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाले, बघू.

२० जानेवारी

या महिन्याच्या बोलपटात टिंबूनाना वेटर होते. तिशीचे असतील. बश्यांची चळत डाव्या हातावर पेलत होते. मी सांगता सांगता नकळत त्यांच्यासारखीच चालून दाखवत होते आणि बायका पडद्याऐवजी माझ्याकडे बघून हसत होत्या. नंतर उद्धवराव म्हणाले, "बाई, तुमचा हात लई सफाईनं फिरायलाय. नाटकात होताव का?"

मी कसली नाटकात! माझ्या हातून तर पाण्याचा तांब्यासुद्धा धड उचलला जात नाही. आणि अक्षर! कॉलेजात सर म्हणायचे, "विचार मोत्यांचे, अक्षर कोंबडीचं." आबा खडकीच्या कारखान्यात लोखंडावर बारीक रेघा ओढतात, त्यांची मुलगी अशी कशी?

३ फेब्रुवारी

स्वप्न पडलं. मी पडद्यातून चालत पलीकडे गेले. कापड ओलं आणि गार होतं, गालांना चिकटलं. पलीकडे कोणीच नव्हतं. फक्त एक लहान मुलगी जमिनीवर कोळशाने मोर काढत होती. मी तिला विचारलं, तुझं नाव काय? ती म्हणाली, "थांब, आई येईल." आणि तिने हात पाठीमागे लपवला.

जागी झाले तेव्हा डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. त्या कुशीवर झोपले असणार.

११ फेब्रुवारी

सरपंच कबूल झाले! अट एकच. या वेळचा चित्रपट मी आधी स्वतः पाहायचा आणि बायामाणसांनी पुढून बघण्याजोगा आहे का ते सांगायचं. "मागनं बगताना चालतं," ते म्हणाले. मागून पाहिलं की असभ्य गोष्ट सभ्य होते हे मला आज कळलं.

हौसाने पाटीवर पहिल्यांदा तिचं नाव काढलं. डाव्या हाताने, जीभ बाहेर काढून. मी तिच्या पाटीला हळद लावली.

१५ फेब्रुवारी

आज लिहूच नये असं वाटतं. तरी लिहिते.

उद्धवरावांचा आज चिखलीला मुक्काम, उद्या आमच्याकडे. वाटेत ते शाळेत थांबले. खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि मला चित्रपट दाखवला. मुका, जुना. टिंबूनाना त्यात पोरसवदा आहेत. शिडी घेऊन दुकानांवरच्या पाट्या रंगवत फिरतात. कापड नव्हतं, चुन्याच्या भिंतीवरच दाखवलं. भिंतीला मागची बाजू नसते.

त्यांनी कुंचला उजव्या हातात धरला.

मी म्हटलं, "थांबा." उद्धवराव म्हणाले, "मशीन अशी थांबत नसती बाई." मी पाहत राहिले. दुकानांवरची अक्षरं सुलटी होती. हात उजवा होता. सगळा वेळ उजवा. अक्षरं उलटी दिसतात हे मला माहीत होतं. त्यावरून मी सरपंचांशी भांडले. आणि अक्षरं उलटी तर हातही उलटा, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. भैरूची क्षमा मागायला हवी.

पण खरी गोष्ट ती नाही. उद्या बायका पुढे बसतील. माझ्यामुळे बसतील. गोजाबाई टिंबूनानांचा उजवा हात बघतील आणि परवा हौसाच्या कमरेला चिंधी असेल. मीच ती बांधली असं होईल.

उद्धवरावांना सगळं सांगितलं. त्यांनी विडी काढली आणि न पेटवताच परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "एक करता येतं. या मुक्या फितीला दोन्ही कडांना भोकं असतात. उलटी चढवली तरी चालती. पुढून बसल्या तरी डावाच हात दिसंल. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"आणि अक्षरं?"

"वर्गातल्या बाया इंग्रजी वाचायल्यात का?"

मी उठून खिडक्यांकडे गेले. घोंगड्या काढल्या तेव्हा इतकं ऊन आत आलं की दोघांना काही दिसेना.

१५ फेब्रुवारी, दिवेलागण

आईला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, कशाला पडतेस दुसऱ्याच्या पोरीत. ती परात घेऊन तांदूळ निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वच्छे, तुला काय वाटलं, त्यो चुलीचा डाग हाय?"

मला आधी कळलंच नाही.

"तूबी डावरीच व्हतीस. कोळसा घ्यायचीस आन समदी भित मोरांनी भरवायचीस. तू हौसाएवढी झालीस आन तुजी आज्जी म्हनली, बांधा. म्या बांधला. लई ओढायचीस, त्यानं कातडं गेलं. आबा कामावरनं आलं की सोडायचं, ते गेलं की म्या बांधायची." तिने एक खडा काढून फेकला. "झालीस नव्हं बी.ए. उजव्या हातानं?"

"मोर कुठे गेले?" मी विचारलं.

"सारवलं," आई म्हणाली. मग परात तशीच ठेवून ती परसात गेली आणि खूप वेळ आली नाही.

मी भिंतीकडे बघत बसले आहे. सारवणाखाली सारवण, त्याखाली सारवण.

१७ फेब्रुवारी

कालचं आज लिहिते. रात्री लिहिता आलं नाही, त्याचं कारण शेवटी येईल.

संध्याकाळी उद्धवरावांनी विचारलं, "कशी लावू?" मी म्हटलं, "सुलटीच लावा." त्यांनी मान डोलावली. त्यांना तेच ऐकायचं होतं की दुसरं काही, ते समजलं नाही. ते नेहमीपेक्षा हळू फीत चढवत होते आणि मधून मधून माझ्याकडे बघत होते.

दोरीच्या एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. सुनांनी पदर इतके पुढे ओढले होते की त्यांना पडदा दिसेल की नाही कोण जाणे. गोजाबाई सगळ्यांत पुढे, हौसा मांडीवर. मी शाळेचा फळा आणवून कापडापुढे ठेवला. चित्रपट सुरू होण्याआधी म्हणाले, "मला एक सांगायचं आहे. टिंबूनाना उजव्या हाताचे आहेत. आपण मागून बघायचो, म्हणून डावा दिसायचा. भैरू खरं बोलत होता. मी चुकले."

पुरुषांच्या बाजूने भैरूचा आवाज आला, "आता गं आये?" आणि हसण्याचा लोट उठला. बायकांच्या बाजूला कोणी हसलं नाही. गोजाबाईंनी हौसाचा डावा हात आपल्या मुठीत घेतला. पोर आजीच्या तोंडाकडे बघायला लागली.

मग मी खडू डाव्या हातात घेतला.

मी ठरवलं होतं, पण सराव केला नव्हता. तो हात कुठे जायचं ते विसरला होता. 'हौसा' लिहायला घेतलं. ह वाकडा झाला, काना गडगडत खाली आला. फळाभर एकच नाव, तेही उताराला लागलेलं. बायका बघत होत्या. मग कोणीतरी म्हणालं, "आगं बाई, आमच्यावानीच काढलंय!" आणि त्या हसल्या. सगळ्या. पदर मागे पडले.

मी म्हटलं, "मीही डावरी होते. माझाही हात बांधला होता. साहेबाचं सोडा, मला विचारा कसं वाटतं."

मागे कुठेतरी आई बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का?

गोजाबाईंनी फळ्यावरचं नाव पुन्हा एकदा नीट बघितलं. मग साऱ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जेवताना उजवा. देवाला उजवा. बाकी तिचं ती बगंल." आणि त्यांनी मूठ उघडली.

मी जेवण्याबद्दल काही बोलणार होते. हौसाने मोकळा हात हवेत फिरवून पाहिला, तेव्हा राहू दिलं.

मग चित्रपट लागला. टिंबूनाना मिसरूड न फुटलेले, शिडीवर चढत होते, पडत होते, पाट्या रंगवत होते. मी फार सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच. सुना मोठ्याने हसत होत्या आणि सासऱ्यांना ऐकू येत होतं. गोजाबाई म्हणाल्या, "पुढल्या खेपेला पाळण्यात येतोय बगा ह्यो." वाऱ्याने कापड फुगलं. मला कापडाच्या मागची रिकामी जागा दिसली. गवत, बांबूचा खुंट आणि आमच्या रोजच्या बसण्याने गुळगुळीत झालेली जमीन. तिथेही प्रकाश पडला होता.

घरी आले तेव्हा आईने माझं ताट वाढून ठेवलं होतं. सकाळी उठले तर चुलीजवळ ताज्या सारवलेल्या भिंतीपाशी एक कोळसा ठेवलेला होता. राहून गेला असेल चूल पेटवताना.

रात्री लिहिता आलं नाही, कारण दौत उघडली आणि सुरुवातच होईना. आज सकाळपासून बसले आहे. आबा कामाला गेले, परत आले, आणि मी अजून याच पानांवर आहे. ओळी वर चढतात, खाली घसरतात, शाई तळव्याला लागते. सरांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, हे कोंबडीचंही नाही. पण हा हात अजून सहा वर्षांचाच आहे, त्याला वेळ लागणार. तारखेपासून इथपर्यंत सगळं त्यानेच लिहिलं. उजवा हात शेजारी ठेवला आहे, पान हलू नये म्हणून.